पाच मात्रांचं मौन

१

संपादकबाईंनी मागितलं ते एकच पान. माझ्या पियानोरचनांचं पुस्तक निघत होतं आणि त्याच्या सुरुवातीला मी सांगायचं होतं, की स्वतःच्या रचनांपैकी मला सगळ्यात आवडते ती कोणती आणि का. "मनापासून लिहा, फार जड नको," असं त्यांनी वर बजावलंही होतं.

विचार करावा लागला नाही. माझी सातवी रचना. तिला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. सगळे तिला 'सातवी'च म्हणतात. सव्विसाव्या वर्षी लिहिली आणि एका स्पर्धेत ती पहिली आली. पुढे कामं मिळाली, शिष्य मिळाले, नवरासुद्धा तिच्याच एका कार्यक्रमात भेटला. तो दातांचा डॉक्टर. सुरांतलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण मी सातवी वाजवायला घेतली की हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो. "ही आपली थोरली," म्हणतो. आम्हाला मूल नाही.

रचना जेमतेम चार मिनिटांची. डावा हात जिना उतरल्यासारखा खाली येत राहतो, उजवा त्याला अडवत राहतो. तिसऱ्या पानाच्या तळाशी दोघांचा जोर इतका वाढतो की आता काहीतरी फुटणार असं वाटतं, आणि नेमके तिथे दोन्ही हात उचलायचे. पाच मात्रा काहीही वाजवायचं नाही. मग शेवटचं पान, अगदी हळू.

ते पाच मात्रांचं मौन लोकांना फार आवडतं. मुलाखत घेणारे हटकून विचारतात, हे सुचलं कसं? माझं उत्तर तयार असतं. भर दुपार होती, सगळीकडे निजानीज होती, ती शांतता कागदावर उतरली. अठ्ठावीस वर्षं मी हेच सांगत आले आहे.

संपादकबाईंच्या पानावर बाकीचं सगळं भराभर लिहून झालं आणि मी मौनापाशी येऊन अडले. तेच ठरलेलं वाक्य लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी म्हटलं, रेकॉर्डिंग होऊन जाऊ दे, मग बघू.

२

पुस्तकासोबत रचना ध्वनिमुद्रितही होणार होत्या. वाजवणार होती माझी जुनी विद्यार्थिनी. अंगानं एवढीशी, आणि पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. मी काचेच्या अलीकडच्या खोलीत रेकॉर्डिस्टकाकांच्या शेजारी बसले होते. पलीकडे मुंगी, पियानो, आणि मागे स्टुडिओचं जाडजूड दार.

सहा रचना सकाळीच आटोपल्या. सातवीला दुपार उजाडली.

पहिला टेक चांगला झाला. दुसरा त्याहून चांगला. मी मान खाली घालून कागदावर बोट फिरवत ऐकत होते. तिसऱ्यानंतर काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, एक गंमत बघा. पहिला टेक चार मिनिटं दोन सेकंद. दुसरा चार मिनिटं सोळा. हा चार चाळीस."

"रेंगाळत असेल."

"वाजवण्यात एका सेकंदाचाही फरक नाही. वाढतंय ते मधलं. जिथे काही वाजतच नाही ते."

मी मुंगीला माइकवरून विचारलं. ती जरा दुखावलीच. "मी पाचच मोजते हो, बाई. मनात आकडे म्हणते."

"बरं. परत एकदा घेऊ."

या वेळी मी कागद बाजूला ठेवला आणि काचेतून बघत राहिले.

तिसरं पान संपलं. मुंगीनं हात उचलले. मग ती उठली. घाई नाही, चोरटेपणा नाही. घरात एखादी बाई दुधाकडे बघायला उठते तशी उठली. मागच्या दाराशी गेली, दोन्ही तळवे दारावर सपाट टेकवले, एक पाय मागे रोवला आणि सगळा भार दारावर टाकून, मान खाली घालून उभी राहिली. तिच्या दंडांच्या शिरा काचेतूनही दिसत होत्या.

काका हळूच म्हणाले, "हे काय चाललंय?"

मी हातानंच त्यांना थांबवलं. सुमारे मिनिटभरानं ती वळली, येऊन बसली आणि शेवटचं पान वाजवू लागली. अतिशय सुंदर वाजवलं.

बाहेर आली तेव्हा चेहरा फुललेला होता. "आता तरी बरोबर पाच झाले ना?"

तिचे दोन्ही तळवे लालबुंद झाले होते. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

३

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "उपाशी असेल. माझ्या खुर्चीत बसून पेशंट याहून विचित्र वागतात."

"मी वाजवते. तू नुसता बघ."

"मी रोजच बघतो."

"रोज तू डोळे मिटून ऐकतोस."

हे खरं होतं. तो मुकाट्यानं समोरच्या खुर्चीत बसला. आमचा पियानो बाहेरच्या खोलीत, भिंतीला लागून. त्याच्या उजव्या हाताला झोपण्याच्या खोलीचं दार. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून ऊन आत आलं होतं.

मी वाजवलं. तिसरं पान, हात वर, एक, दोन, तीन, चार, पाच. शेवटचं पान. माझ्या लेखी सगळं जसंच्या तसं झालं. आकडे एकामागून एक आले, मध्ये फटसुद्धा नव्हती.

वळून बघितलं तर नवरा खुर्चीच्या कडेवर आला होता.

"कुठे गेली होतीस?" त्यानं विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच तर बसलेय."

दुसऱ्यांदा त्यानं मोबाइलवर चित्रण केलं. मी ते बघितलं. पडद्यावरची बाई माझ्यासारखीच होती, माझेच कपडे, माझीच किंचित वाकलेली पाठ. ती उठून झोपण्याच्या खोलीपाशी गेली. दार लोटलेलं होतं. तिनं दोन्ही तळवे दारावर टेकवले, पाय रोवला, अंग टाकलं. दोन मिनिटं अकरा सेकंद. मधेच ती काहीतरी बोलली. आवाज मोठा करून ऐकलं.

"थांब ना जरा. एवढं होऊ दे."

"कुणाशी बोलतेयस?" नवऱ्यानं विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

तो उठून त्या दाराशी गेला. एका बोटानं ढकललं. दार आतल्या बाजूला सरळ उघडलं. त्याची कडी वर्षभर मोडलेली आहे आणि वर्षभर तो ती 'येत्या रविवारी' दुरुस्त करणार आहे. त्यानं दार ओढून घेतलं, पुन्हा ढकललं, पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे आत उघडतं. कडी नाही. तू एवढा भार टाकलास, तर तू आत तोंडघशी पडायला हवी होतीस."

४

चौथ्या दिवशी सकाळी मुंगीच्या आईचा फोन आला. आधी कधी बोलणं झालं नव्हतं. आवाज बसलेला होता.

"बाई, तुम्ही तिला ती सातवी बंद करायला सांगा."

"काय झालं?"

"ती घरी तेच वाजवते. मधे थांबते आणि येऊन स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहते. परवा पाच मिनिटं. काल…" त्या थांबल्या. "काल मी आत होते, बाई. कढईत तेल तापत ठेवलं होतं. मी तिला हाक मारली. दार ठोठावलं. शेवटी लाथा घातल्या. ती एवढीशी पोर, पण दार तसूभर हलेना. धूर झाला सगळा. मी खिडकीला तोंड लावून बसले. नंतर पियानो पुन्हा सुरू झाला तेव्हा दार आपोआप सुटलं. बाहेर येऊन बघते तर ही शांतपणे वाजवतेय. मला म्हणाली, 'आई, तू का रडतेस?'"

मी मुंगीला फोनवर बोलावून घेतलं. समजावलं. विनवलं. शेवटी चढ्या आवाजात म्हटलं, की ती रचना मी पुस्तकातून काढून टाकतेय, तू आता तिला हातसुद्धा लावायचा नाहीस.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग गोड आवाजात म्हणाली, "थोडंच राहिलंय हो, बाई. एवढं होऊ दे."

५

त्या दुपारी मी नवऱ्याला ताईबद्दल सांगितलं. म्हणजे ताई त्याला माहीत होती. भिंतीवर तिचा फोटो आहे. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर तिनंच मला वाढवलं. टेलिफोन खात्यात रात्रपाळी करायची आणि दुपारी झोपायची. आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. बाहेरच्या खोलीत एका बंद पडलेल्या शाळेतून आणलेला पियानो, आतल्या खोलीत तिची खाट. मधलं दार बाहेरच्या बाजूला, पियानोच्या खोलीत उघडायचं.

"ती झोपेत गेली ना?" नवरा म्हणाला. इतकी वर्षं मी त्याला हेच सांगितलं होतं.

"ऐक. स्पर्धेसाठी कागद पोचवायचा तो शेवटचा दिवस होता. पाचच्या आत. मी तिसरं पान लिहायला घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं. पानाच्या तळाशी आले तेव्हा आतून आवाज आला. खोकल्याचा, किंवा खाट सरकल्याचा. मी हात उचलले आणि कान दिला. मनात पाच मोजले. काही ऐकू आलं नाही. म्हणून पुढचं लिहिलं. ते मौन तसं आलंय. ती पाच मात्रांची जागा म्हणजे मी कान देऊन बसले होते ती."

"मग?"

"मग शेवटचं पान झालं. घड्याळात पावणेपाच. कागद गुंडाळून मी धावत सुटले. परत आले, दार उघडलं, तर ताई खाटेवर नव्हती. दाराशीच होती. दाराला इतकी लागून, की उघडल्यावर माझ्या पायांवर कलंडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. पाण्यासाठी उठली असेल, चक्कर आली असेल. मीही तेच म्हटलं. नंतर झोपेत गेली म्हणणं सोपं वाटायला लागलं."

नवरा पेशंटला विचारतो तसा, हलक्या आवाजात म्हणाला, "पाचच मोजले होतेस?"

"पाचच."

"आणि आधणाचं काय झालं?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. पण ते भांडं मला लख्ख दिसलं. पाणी आटून गेलेलं, बूड काळंठिक्कर, कडेचा मुलामा उडालेला. घरभर जळका वास होता, आणि तो मला कागद गुंडाळताना पहिल्यांदा आला होता.

"मला नीट आठवतंय, मी जागची हलले नाही," मी म्हणाले.

"मुंगीलाही नीट आठवतंय," नवरा म्हणाला. लगेच त्यानं माझा हात धरला, पण शब्द तर बोलून झाले होते.

६

आठवणीवर माझा आता भरवसा उरला नव्हता, तरी डोकं हिशेबी चालू होतं. मुंगीला सातवी पाठ होती. कागद काढून घेऊन उपयोग नव्हता. जे काही होतं ते माझं होतं, माझ्या हातून तिच्याकडे गेलं होतं. ते परत घ्यायचं तर मलाच वाजवायला हवं होतं, आणि या वेळी ते वेगळं संपायला हवं होतं. दार धरलं जातं ना? मग धरायला दारच नको.

"वेड लागलंय का तुला?" नवरा म्हणाला. "बंद कर तो पियानो. कुलूप घाल. आपण चार दिवस कुठेतरी जाऊ."

"आणि त्या पोरीची आई?"

मग त्यानंच सुताराला फोन लावला.

सुतार दुसऱ्या दिवशी अकराला आला. बोलका माणूस होता. दार बघून म्हणाला, "अहो, हे चांगलं सागाचं आहे. याला काय धाड भरलीय? नुसती कडी बदला."

"काढून टाका."

"नवीन कुठलं बसवायचं?"

"नवीन नको."

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि आमचं काहीतरी भांडण असावं असं ठरवून टाकलं. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजले होते. अर्धा तास कुरकुर चालली. मग दार उचलून त्यानं गच्चीत नेऊन ठेवलं. चौकट मोकळी झाली. बाहेरच्या खोलीतून आमची गादी, उशा, कपाटाचा आरसा, सगळं एकदम दिसायला लागलं. घर एकाएकी कमी झाल्यासारखं वाटलं.

मला जेवण गेलं नाही. तीन वाजता मी पियानोपाशी बसले. हवेत गारठा होता म्हणून अंगावर शाल होती. नवरा समोरच्या भिंतीशी मोबाइल घेऊन उभा राहिला.

"काही वेगळं वाटलं तर मी तुला धरणार," तो म्हणाला.

"बरं."

"अगदी वाजवताना मधेच धरणार."

"बरं म्हटलं ना."

७

पुढचं आधी सांगून टाकते. मुंगीच्या आईचा पुन्हा तसा फोन आला नाही. त्या दुपारनंतर मुंगी सातवी वाजवते, पाच मोजते आणि जागची हलत नाही. काकांनी नवा टेक घेतला, तो चार मिनिटं दोन सेकंदांचा आहे. संपादकबाईंना मात्र ते पान मी अजून दिलेलं नाही.

त्या दिवशी मी वाजवायला सुरुवात केली. डावा हात खाली उतरू लागला. उजव्या बाजूला मोकळी चौकट आहे हे मला न बघताही जाणवत होतं. तिथून येणारी हवा गालाला लागत होती. तिसरं पान. जोर वाढत गेला. तळाशी आले. हात उचलले.

एक. दोन. तीन. चार. पाच.

शेवटचं पान मी पूर्ण वाजवलं. शेवटचा सूर विरेपर्यंत बोटं पट्ट्यांवर ठेवली. इतकं चांगलं मी ते कधी वाजवलं नसेल.

मान वर केली. नवरा जिथे उभा होता तिथेच होता, पण पाठ भिंतीला चिकटवून. मोबाइल जमिनीवर पडला होता. मला धरायला तो आला नव्हता.

"किती वेळ?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"मी उठले होते?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"दारात गेलीस. चौकटीत. हात असे केलेस." त्यानं दोन्ही तळवे छातीसमोर धरले, सपाट. "मला वाटलं, आता पडशील, म्हणून मी पुढे आलो. पण तू पडली नाहीस. तू इतकी पुढे वाकली होतीस की… माणूस असं उभं राहू शकत नाही गं. समोर काही नव्हतं. मला पलंग दिसत होता. आणि तुझे तळवे पांढरे पडले होते, कशावर तरी दाबल्यासारखे. मधेमधे तू मागे रेटली जायचीस."

"मी काही बोलले?"

"आधी तेच. एवढं होऊ दे. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग रडायला लागलीस."

मी गालाला हात लावला. गाल कोरडे होते, पण ताणल्यासारखे. अश्रू सुकल्यावर होतात तसे.

"आणि मग?"

"मग हात खाली घेतलेस." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि बाजूला झालीस. चौकटीला पाठ लावून, अंग चोरून. वाट दिलीस."

"कुणाला?"

त्यानं पाठ भिंतीला आणखी रेटली. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या जवळच कुठेतरी, माझ्यापासून हातभर अंतरावर त्याची नजर खिळली होती आणि तिथून ती हलत नव्हती.

"ऊठ," तो म्हणाला. "हळूच ऊठ आणि इकडे ये. शेजारी बघू नकोस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी बाकाच्या डाव्या टोकाला बसले होते. जेमतेम टेकले होते. मी नेहमी मधोमध बसते. या बाकावर दुसरीकडे कुठे बसायचा प्रश्नच कधी आला नव्हता. उजवीकडचा अर्धा भाग मोकळा सोडला होता.

मी डावा हात पियानोवर टेकवला आणि उठू लागले. शाल खांद्यावरून ओढली गेली. तिचं उजवं टोक बाकावर पसरलं होतं, मोकळ्या जागेवर. मी ते हलकेच ओढलं.

आलं नाही.

पुन्हा ओढलं, जरा जोर लावून. लोकर ताणली गेली. कुणीतरी शेजारी बसावं आणि नकळत आपलं वस्त्र त्याच्याखाली दबावं, तसं ते टोक घट्ट दबून राहिलं होतं.

"ऊठ ना गं," नवरा म्हणाला.

मी ओढणं सोडून दिलं. आणि हळूहळू, शाल फाटणार नाही अशा बेतानं, पुन्हा खाली बसले.